आवाज येतोय, शब्द कळंनात

साठी पूर्ण झाली त्याच आठवड्यात बायकोनं माझं नाव ज्येष्ठ नागरिक संघात घातलं. घरी बसून मी तिच्या फोडणीत लक्ष घालायला लागलो होतो, त्यावरचा हा उपाय. मिरजेतला आमचा संघ तसा जुना. ऐंशी-नव्वद सभासद, दर गुरुवारी संध्याकाळी पाचला समाजमंदिरात बैठक. व्याख्यान, महिन्याचे वाढदिवस, कोणी गेलं असेल तर श्रद्धांजली, मग चहा. सगळ्यांत लहान मी. त्यात हायस्कूलला तीस वर्षं विज्ञान शिकवलेलं. त्यामुळं स्वतःचा स्पीकर घ्यायचं ठरलं तशा सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. "सर, तुम्ही सायन्सचे. हे खातं तुमच्याकडं."

सायन्सचे म्हणजे काय, तर ध्वनीचा धडा शिकवायचो. हवेतला वेग २२ अंश सेल्सिअसला सेकंदाला ३४४ मीटर, प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला भिंत निदान १७.२ मीटर लांब हवी. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण माईक हातात घेतला असेल तो १५ ऑगस्टला, आणि तोही साऊंडवाल्यानं लावून दिलेला.

तोवर संघाचं काम मंडपवाल्याच्या भोंग्यावर चालायचं. खेपेला आठशे रुपये, आणि त्याचा पोरगा वेळेवर येईल याचा भरवसा नाही. मग आमच्या एका अण्णांनी पत्नीच्या स्मरणार्थ दहा हजार रुपये दिले. अट एकच, स्पीकरवर तिचं नाव रंगवायचं. मी आणि अण्णा सांगलीला गेलो.

दुकानदारानं एक ट्रॉली स्पीकर पुढं ओढला. प्रवासी बॅगेसारखा दांडा, खाली दोन चाकं, बारा इंची वूफर, आत बॅटरी आणि सोबत दोन कॉर्डलेस माईक. खोक्यावर हे मोठे आकडे, ५००० वॅट. मी म्हटलं, अहो, एवढ्यात समाजमंदिराचं मीटर जळेल. त्यानं हसत मागच्या बाजूचा चिकटवलेला कागद दाखवला. तिथं बारीक अक्षरात ६० वॅट आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद. खरा आकडा तो. खोक्यावरचा पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची कमाल ताकद, कसा मोजायचा याचा काही ठरलेला नियम नाही, ज्याला जेवढा शोभेल तेवढा तो छापतो. साठ वॅट ऐकून अण्णांचा चेहरा जरा उतरला, पण पन्नास फुटी हॉलला साठ वॅट भरपूर होतात.

मग त्यानं कराओके लावलं, एकोचं, म्हणजे आवाज घुमवायचं, बटण अर्ध्याच्या वर फिरवलं आणि माईक माझ्या हातात दिला. मी "नमस्कार मंडळी" म्हटलं आणि माझाच आवाज मला आकाशवाणीवरच्या माणसासारखा वाटला. तिथंच फसलो. ९,२०० रुपयांना सौदा झाला, आणि घरी येईपर्यंत एसटीत मी तो स्पीकर दोन गुडघ्यांमध्ये धरून बसलो होतो.

घरी आधी रात्रभर चार्जिंगला लावला. सकाळी माईकमध्ये पेन्सिल सेल घातले. सोबत आलेले सेल अगदीच हलके होते, पण उत्साहात ते लक्षात आलं नाही. स्पीकरच्या पाठीवर बटणांची रांग: मास्टर, माईक, बास (खालच्या पट्टीचं), ट्रेबल (वरच्या पट्टीचं), एको. एक बारकं बटण माईक प्रायॉरिटीचं, म्हणजे तुम्ही बोलायला लागलात की मागचं गाणं आपोआप दबतं. माईकचा आवाज पकडणारा रिसीव्हर आतच बसवलेला, त्यामुळं जोडाजोडी काही नाही. माईकची कळ वर सरकवली की हिरवा दिवा लागतो आणि झालं. मी हॉलमधून "हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री" केलं. स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "अहो, मी इथंच आहे, ओरडताय कशाला?"

चाचणी यशस्वी झाली असं मी समजलो.

पहिल्या गुरुवारी एका डॉक्टरांचं मधुमेहावर व्याख्यान. समाजमंदिरात विजेचा पॉइंट एकच, स्टेजच्या मागच्या भिंतीला. म्हणून स्पीकर ठेवला डॉक्टरांच्या पाठीमागं. चालू केल्या केल्या वूफरभोवतीचे रंगीत दिवे नाचायला लागले, लाल, हिरवे, जांभळे. ते बंद कसे करायचे हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी "आपल्या रक्तातली साखर" एवढे तीन शब्द उच्चारले आणि स्पीकरनं शिट्टी मारली. साधी नव्हे, कुकरची आणि रेल्वेची एकत्र. लोकांनी कानावर हात ठेवले. तिसऱ्या रांगेत खिडकीजवळ आमच्या सिस्टर बसतात, मिशन हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या, वय ८१. त्यांनी शांतपणे कानातलं यंत्र काढून पर्समध्ये टाकलं.

मी आवाज कमी केला. मागून "ऐकू येत नाही" असा गलका. वाढवला, पुन्हा शिट्टी. असं चार वेळा झालं. शेवटी डॉक्टरांनी माईक टेबलावर ठेवला आणि उघड्या घशानं बोलले. त्यांच्या मागं दिवे मात्र शेवटपर्यंत नाचत होते. अण्णा पहिल्या रांगेत बायकोच्या नावाकडं बघत बसले होते, त्यांच्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

चहाच्या वेळी सिस्टर जवळ आल्या. मला वाटलं शिट्टीबद्दल बोलतील. त्या म्हणाल्या, "सर, शिट्टी जाऊ दे. पण मधेमधे चांगला चालू होता तेव्हापण, आवाज येतोय हो, शब्द कळंनात."

हे वाक्य मी घरी घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी तात्यांचा फोन. तात्या म्हणजे आमच्या संघातले तंबोरेवाले. मिरजेत सतार-तंबोरे करणारी घराणी पिढ्यानपिढ्या आहेत, त्यातलं त्यांचं एक. आता हात थरथरतात म्हणून काम मुलाकडं, पण कान अजून शाबूत. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांच्या स्मरणार्थ मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला गाणं होतं, ते तात्यांनी जाणत्या वयापासून क्वचितच चुकवलं असेल. म्हणाले, "सर, बुधवारी दुपारी हॉलची किल्ली घ्या. ती शिट्टी मला परत ऐकायची आहे."

बुधवारी रिकाम्या हॉलमध्ये आम्ही दोघंच. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, बाजूच्या भिंती ऑइल पेंटनं गुळगुळीत. मी स्पीकर पहिल्या दिवशी होता तसाच मागं ठेवला, माईक घेऊन पुढं उभा राहिलो आणि बटण हळूहळू फिरवलं. आधी नुसतं घुमल्यासारखं, मग बारीक कुईं, मग तीच शिट्टी. तात्यांनी डोळे मिटले. "पेटीची काळी पाच. जराशी चढी." मी बंद केलं. पुन्हा लावलं, पुन्हा काळी पाच. मी चार पावलं डावीकडं सरकलो तर दुसराच स्वर निघाला. तात्या खूश. "सर, भोपळा निवडताना आम्ही बोटानं टिचकी मारून बघतो, प्रत्येक भोपळ्याचा आपला स्वर असतो. तुमचा हॉल म्हणजे भोपळाच आहे. तुम्ही काही बोला, तो त्याला आवडतं तेच परत म्हणतो."

मी तीस वर्षं फळ्यावर अनुनाद लिहीत आलो, पण तो असा कोणी कानात घालून दाखवला नव्हता. माईकमध्ये गेलेला आवाज स्पीकरमधून मोठा होऊन निघतो, तो परत माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो. या फेऱ्यात खोली आणि स्पीकर ज्या स्वराला साथ देतात तो सगळ्यांत आधी उसळतो. म्हणजे शिट्टी माईकच्या बिघाडानं होत नव्हती, मी त्याला स्वतःचाच आवाज ऐकायला लावत होतो म्हणून होत होती.

उपाय मग सरळ होता. स्पीकर वक्त्याच्या पुढं न्यायचा, तोंड लोकांकडं, म्हणजे माईक त्याच्या पाठीमागं राहील. वायर पुरत नव्हती. पाच मिनिटं आम्ही एक्स्टेन्शन बोर्ड शोधला, आणि मग माझ्याच लक्षात आलं की या डब्यात बॅटरी आहे, चाकं आहेत, तो कुठंही उभा राहू शकतो. त्यासाठीच तर घेतला होता! स्टेजच्या डाव्या कोपऱ्यापासून दोन पावलं पुढं आणला. तिथं आवाज दुपटीनं वाढवला तरी शिट्टी नाही.

तात्या मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. "इथं पोटऱ्यांना ऐकू येतंय." स्पीकर जमिनीवर होता. हॉल भरल्यावर पहिल्या दोन रांगांचे गुडघेच सगळा आवाज खाणार. म्हणून तो कॅरमच्या टेबलावर चढवला, आवाज बसलेल्यांच्या डोक्यावरून मागपर्यंत जाईल एवढ्या उंचीवर. उचलताना दोघांच्या कमरा बोलल्या. आता ते काम आम्ही चहावाल्या पोराकडून करून घेतो.

राहिला एको. ते बटण दुकानात फिरवलं तिथंच होतं. मी नमस्कार मंडळी म्हटलं, तात्यांनी हात वर केला. "तंबोऱ्याला घुमारा पाहिजे. भाषणाला कशाला?" शून्यावर आणलं. आवाज एकदम उघडाबोडका, कोरडा वाटला. मला तो आवडला नाही, आणि अजूनही आवडत नाही. दुकानातला मीच बरा होतो. पण आमचा हॉल पन्नास फूट, म्हणजे पंधरा मीटरच्या आसपास. १७.२ मीटरच्या आत, तेव्हा प्रतिध्वनी वेगळा कळत नाही, पण फरशी, पत्रा आणि भिंतींवरून परतलेला आवाज मूळ शब्दाच्या शेपटीला चिकटून लांबत राहतो. पुस्तकात त्याला निनाद म्हणतात. हॉलच फुकटात एवढा निनाद देत होता, त्यात आम्ही विकतचा घालत होतो. त्या दिवसापासून कार्यक्रमाच्या आधी जाजमं अंथरतो आणि खिडक्यांना मंडपवाल्याचे जुने पडदे लावतो. आणि हॉल माणसांनी भरला की आपोआपच गप्प बसतो. कपडे घातलेल्या माणसासारखा आवाज शोषणारा फुकटचा माल दुसरा नाही.

पण सिस्टरचं वाक्य अजून तसंच होतं. शिट्टी गेली, घुमणं गेलं, आणि पुढच्या गुरुवारी त्या पुन्हा म्हणाल्या, "पहिल्यापेक्षा बरं. पण अजून नाही."

उत्तर मिळालं ते योगायोगानं. त्याच महिन्यात कानावरच व्याख्यान होतं. डॉक्टरांनी सांगितलं की वयानुसार कान सगळीकडून सारखा मंद होत नाही, वरच्या पट्टीकडून मंद होत येतो. बोलण्यातले स्वर, म्हणजे अ, आ, ओ, हे खालच्या पट्टीचे आणि जोरकस. स, श, त, ट, फ असली व्यंजनं वरच्या पट्टीची आणि मुळातच अशक्त. म्हणजे शब्दाचं अंग कानात पोचतं, नाकडोळे राहून जातात. ताप, साप, काप, सगळं "आप". माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते नाही. अशा माणसाशी नुसतं मोठ्यानं बोललं तर अंगच मोठं होतं.

मी मागं उभा राहून हे ऐकत होतो आणि समोर माझा बारा इंची वूफर धुमधुम करत होता. बासचं बटण निम्म्यावर. दुकानदारानं लावलेलं, मी देवाला हात न लावावा तसं सोडलेलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरना हॉलवर बोलावलं, त्यांच्या तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीवर बसवलं, आणि कागदावर शब्द लिहून घेतले. ताप, साप, काप, चाप. फास, तास, घास. मी चेहऱ्यापुढं वही धरायची, म्हणजे त्यांना ओठ दिसू नयेत, एकेक शब्द म्हणायचा आणि त्यांनी परत सांगायचा. बास निम्म्यावर असताना दहापैकी तीन बरोबर. "साप" म्हटलं तर "ताप किती आहे?" असं विचारलं त्यांनी, चाळीस वर्षांची सवय. बास उतरवत नेला, ट्रेबल थोडं थोडं वर. बास पाव आणि ट्रेबल पाऊणच्या जरा खाली आलं तेव्हा दहापैकी आठ. आणखी ट्रेबल दिलं तर स कानात टाचणीसारखा टोचायला लागला, आणि यंत्र लावलेल्यांना तर तो फारच बोचतो, म्हणून तिथंच थांबलो. आवाजाचं मुख्य बटण मी या सगळ्यात एकदाही वाढवलं नव्हतं. उलट थोडं कमीच केलं.

बायकोची नेलपॉलिश नेली होती. प्रत्येक बटणाच्या कडेला लाल ठिपका, आणि त्याच्यासमोर डब्यावर दुसरा. दोन ठिपके समोरासमोर आले की झालं. आता कुणीही लावू शकतो, आणि कुणी बोट लावलं तर मला लगेच कळतं. एका काकांना भाषणाच्या आधी बास वाढवायची खोड आहे, त्यांना ठिपके अजिबात आवडत नाहीत.

यंत्र असं ताळ्यावर आलं, पण माईक धरणारी माणसं राहिलीच. वर्षभरात मी जे पाहिलं त्यावर एक वही भरेल. काहीजण माईक बेंबीशी धरतात आणि मग मला खुणावतात, वाढव म्हणून. चार बोटांवरचा माईक आठ बोटांवर गेला की त्यात शिरणारा आवाज सहा डेसिबलनं पडतो, बेंबीपर्यंतचा हिशोब तुम्हीच करा. काहीजण पत्रकं वाचताना माईक आणि कागद एकाच हातात धरतात, त्यात कागदाचाच आवाज स्पष्ट येतो. काहीजण पुढाऱ्यासारखे जाळीच मुठीत आवळतात. हे सगळ्यात वाईट. हा माईक समोरचं ऐकतो आणि मागचं फारसं ऐकत नाही, आणि ते त्याला जमतं ते जाळीमागच्या बारीक भोकांमुळं. मूठ आवळली की ती बंद होतात, मग तो चारी बाजूंचं ऐकायला लागतो आणि लगेच शिट्टी. खाली शेपटीला धरलं तर वेगळाच ताप, तिथं आत एरियल असते. आणि फुंकर मारणारे! त्यांना मी आता चक्क सांगतो, दिवाळीची फुलबाजी नाही ती, "नमस्कार" म्हणा, चालू आहे की नाही ते कळेल.

मी एक वाक्य पाठ करून ठेवलंय, "चार बोटं, हनुवटीशी, मधोमध धरा." ते म्हणत मी माईक हातात देतो. कीर्तनकार आणि निवृत्त शिक्षिका यांना सांगावं लागत नाही. निवृत्त अधिकाऱ्यांना दर वेळी सांगावं लागतं.

आता श्रद्धांजलीची गोष्ट. ती मी टाळणार होतो, पण संघात ती माझ्या नावानं सांगितली जाते, तेव्हा माझ्याच तोंडून ऐका.

मार्गशीर्ष असावा, लग्नाचा हंगाम. आमचे एक जुने अध्यक्ष गेले होते. सगळे बोलून झाले. शेवटी दोन मिनिटं स्तब्धता. सगळे उभे. मी कर्तव्यदक्षपणे माईकची कळ खाली सरकवली, म्हणजे खोकला-बिकला जायला नको. शांतता पसरली. आणि अर्ध्या मिनिटात आमच्या स्पीकरमधून खणखणीत आवाज आला, "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन लवकर स्टेजवर यावं, मुहूर्त जवळ आलेला आहे."

कोणी हललं नाही. मी हातातल्या माईककडं पाहिलं, तो बंद होता. "मामा कुठं आहेत? मामा!" मी स्पीकरकडं धावलो आणि मास्टर बटण शून्यावर फिरवलं. मागून कोणाचा तरी दाबलेला हुंदका ऐकू आला, मला वाटलं रडू, पण ते हसू होतं. दिवंगत अध्यक्षांच्या सूनबाईच हसत होत्या. नंतर म्हणाल्या, "सर, बाबा असते तर मामांना शोधायला गेले असते."

झालं होतं असं की शेजारच्या गल्लीतल्या मंगल कार्यालयात अशाच जातीचा माईक होता. या स्वस्त संचांना फ्रीक्वेन्सी, म्हणजे माईक ज्या रेडिओ लहरीवर आवाज पाठवतो तिचा आकडा, बदलायची सोय नसते, कारखान्यातून जो आकडा ठरून येतो तोच जन्मभर. माईकच्या सेलच्या खणात बारीक अक्षरात मेगाहर्ट्झमध्ये छापलेला असतो तो. दोन संचांचा आकडा जुळला की रिसीव्हरला आपला-परका कळत नाही, दोघांतला जोरकस कोण एवढंच तो बघतो. आमचा माईक चालू आणि जवळ असेपर्यंत आमचाच आवाज. मी तो बंद केला, आणि मोकळ्या रस्त्यानं लग्न आत आलं. म्हणजे मी शांततेसाठी जे केलं त्यानंच शांतता मोडली. आता स्तब्धतेला मी माईकला हात लावत नाही, स्पीकरवरचं माईकचं बटण शून्यावर नेतो. आणि बैठकीआधी कालनिर्णय बघतो, त्या दिवशी मुहूर्त असला तर आमचे दोन्ही माईक शेवटपर्यंत चालूच ठेवतो. तो संघातला आतापर्यंतचा एकमेव पंचांगाधारित तांत्रिक निर्णय असेल.

बॅटरीचं थोडक्यात. पहिल्या पावसाळ्यात हॉलचे पत्रे बदलायचं काम निघालं, दोन महिने बैठका बंद, स्पीकर कपाटात. काढला तेव्हा मेलेला. आत १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-अवरची शिशाची बॅटरी असते, स्कूटरच्या बॅटरीची चुलत बहीण. ती रिकामी ठेवली की आतल्या पत्र्यांवर थर बसतो आणि मग ती भरून घेत नाही. नवी अकराशेला आली. आता वापर असो नसो, महिन्यातून एकदा चार्जिंग, आणि माझ्या कालनिर्णयावर एकादशीच्या शेजारी "स्पीकर" असं लिहिलेलं असतं. माईकमधले ते हलके सेलही कपाटात पाझरले होते, पांढरी भुकटी जुन्या टूथब्रशनं काढली. तेव्हापासून बैठक संपली की सेल बाहेर.

कोजागिरीला प्रथमच यंत्र उघड्यावर नेलं, सभासदाच्या मळ्यात. तिथं भिंत नाही, पत्रा नाही, ठिपक्यांचा उपयोग नाही. हॉलमध्ये बटण दोन रेषांवर असताना दणकणारा आवाज मळ्यात पानासारखा उडून गेला. भजनी मंडळाच्या पाच बायका आणि माईक दोन. मी एक माईक मध्ये धरला तर त्यात सगळ्यांत आधी टाळ शिरले, नुसतं किणकिणणं, अभंग कुठंतरी मागं. मग तात्यांनी टाळकरणींना चार पावलं मागं बसवलं आणि मुख्य गाणारीच्या हातात एक माईक, बाकीच्या दोघींत एक, असं केलं. जमलं. पावणेदहाला मी सगळं बंद करून टाकलं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी आहे, आणि बारापर्यंतची सूट मिळणारे दिवस सरकार ठरवतं, आमचा मळा नाही. दूध बाराला प्यायलो, बिनमाईकचे. चंद्राला ऐकवायचं असं काही नव्हतंही.

गेल्या गुरुवारी एक पाहुणे आले होते, विषय "आनंदी वार्धक्य". जाजमं घातलेली, पडदे लावलेले, ठिपके समोरासमोर, सेल नवे. पाहुण्यांनी माईक हनुवटीशी चार बोटांवर धरला, मला काही सांगावं लागलं नाही. शिट्टी नाही, खरखर नाही, मंगल कार्यालय बंद. दीड तास बोलले. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो आणि मला प्रत्येक स, प्रत्येक त ऐकू येत होता. तिसऱ्या रांगेत सिस्टर एकटक बघत बसल्या होत्या, मान हलवत नव्हत्या, पर्स उघडत नव्हत्या.

चहाला मी स्वतःच गेलो त्यांच्याकडं. "सिस्टर, आज?"

"आज शब्द न् शब्द कळला, सर."

मी खूश होऊन कपात बिस्किट बुडवलं.

"आणि आता कळलं म्हणून सांगते," त्या म्हणाल्या, "त्या गृहस्थांना परत बोलवू नका."

बिस्किट कपातच पडलं.